डॅशबोर्डवरचा तोंडाळ दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे, पण माझ्या उजेडात आजवर कुणी एक अक्षरही वाचलेलं नाही. उजेड आहेच मुळी नखाएवढा. मी गाडीच्या डॅशबोर्डवर, चालवणाऱ्याच्या नाकासमोर बसतो. रंग लाल. अंगावर एका डब्याचं चित्र. डब्याला वर दोन शिंगं, पोटात एक अधिक आणि एक उणे. ती बॅटरी. मला लिहिता-वाचता येत नाही. हे एकच चित्र येतं, आणि तेही दुसऱ्याच कुणी काढलेलं. पण या एका चित्रावर मी जेवढं खरं बोललो, तेवढं शिकलेली माणसं वह्या भरूनही बोलत नाहीत. ही फुशारकी नाही. असली तर थोडीच आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. आम्ही सहा भावंडं एकाच काळ्या फळीत बसवलेली. तेलाचा दिवा थोरला. त्याच्यावर तेलाच्या बुधलीचं चित्र आहे, पण लोक त्याला चहाची किटली समजतात, म्हणून तो कायम रुसलेला. सीट बेल्टची धाकटी बहीण नुसती पेटत नाही, पेटल्यावर किंचाळतेसुद्धा. लाडावलेली आहे. आम्हा सगळ्यांना पहिल्याच दिवशी एकच वळण लावलं. किल्ली फिरली की सगळ्यांनी एकदम पेटून 'आम्ही जागे आहोत' हे दाखवायचं. इंजिन सुरू झालं की गप्प बसायचं. आणि इंजिन चालू असताना पेटायचं, ते खरोखर काही बिघडलं असेल तरच. आम्ही हे वळण कधी मोडलं नाही. माणसांनी मोडलं.

माझी गाडी गेली एका ड्रायव्हिंग शाळेत. शाळा म्हणजे एक खोली, दोन खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, आणि एक बाई. या बाईंनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली. त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक होता आणि जिभेवर त्याहून जोरकस एक. शिकाऊ माणूस क्लच झटकन सोडतो, गाडी उंटासारखा हिसका देते आणि बंद पडते. इंजिन बंद, किल्ली मात्र चालू. म्हणजे आम्ही दिवे पेटणारच. एकदा एका नवशिक्यानं एका तासात मला एकेचाळीस वेळा पेटवलं. बिचाऱ्याचे कान माझ्यापेक्षा लाल झाले होते.

बाई प्रत्येकाला सांगायच्या, "तो लाल डबा दिसतोय ना? तो लागला की समजायचं, गाडी बंद पडली. घाबरायचं नाही. क्लच दाबा, किल्ली फिरवा." सुरुवातीला मला फार बरं वाटायचं. शाळेत माझं चित्र पहिल्या धड्याला होतं! पण मित्रांनो, दिवसातून पन्नासदा बोलणाऱ्याचं बोलणं लोक ऐकतात का? हळूहळू मी म्हणजे घरातला तो आवाज झालो, ज्याला सगळे 'हो हो' म्हणतात आणि कुणी वळूनही बघत नाही.

याच शाळेत एक दिवस काकू आल्या. वय अठ्ठावन्न. चाळीस वर्षं शिवणकाम केलेलं. गळ्यात मापाची फीत तशीच लटकत होती, घाईत काढायची राहिली असावी. मागच्या सीटवर त्यांचे यजमान बसले. हे काका बस चालवून निवृत्त झालेले. डोळ्यांत मोतीबिंदू झाला म्हणून डॉक्टरांनी गाडी बंद करायला लावली. मोटार वर्षभर घराखाली खोळ पांघरून उभी. काका बसल्या बसल्या म्हणाले, "मी अगदी गप्प बसणार आहे." आणि पहिल्या वळणापर्यंत त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या.

"अहो, गप्प बसणार होतात ना?" काकू आरशातून म्हणाल्या.

"हे बोलणं नव्हे. हा अनुभव आहे."

बाईंनी विचारलं, या वयात गाडी कशाला शिकता? काकूंनी स्टिअरिंगवरचा हात न काढता सांगितलं, "सदतीस वर्षं मी बाजूच्या सीटवर बसून ह्यांच्या मर्जीनं वळले. बहिणीकडे जायचं म्हटलं की ह्यांना झोप यायची. आता मला पाहिजे तिथं वळायचंय."

तेव्हापासून मी त्यांचा झालो. पण माझ्याच्यानं त्यांचं भलं होईना. परीक्षेत त्या दोनदा नापास झाल्या, दोन्ही वेळा त्याच चढावर. गाडी थांबवून पुन्हा वर काढायची, तिथं इंजिन बंद पडायचं. मी पेटायचो. परीक्षा घेणारे साहेब माझ्याकडे बोट दाखवायचे आणि कागदावर फुली मारायचे. माझ्या उजेडात फुली मारली जाते, यासारखी नामुष्की नाही. आता तिसरी परीक्षा शुक्रवारी होती. शनिवारी शिकाऊ परवान्याची मुदत संपत होती. म्हणजे शुक्रवारी झालं तर झालं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सगळे कागद, आणि काकांचं "मी म्हणतच होतो".

नेमकं त्याच्या आदल्या आठवड्यात काहीतरी बिघडलं. गाडीचे मोठे दिवे लावले की मी इंजिन चालू असतानाच पेटायला लागलो. आधी मिणमिणता, मग चांगला ठसठशीत. मी काय सांगत होतो ते नीट ऐका. इंजिनच्या अंगाला एक रबरी पट्टा असतो. तो एक यंत्र फिरवतो, त्याला अल्टरनेटर म्हणतात. ते यंत्र वीज करतं आणि बॅटरीला भरवतं. भरवणं थांबलं की मी ओरडतो. 'बॅटरी उपाशी आहे', एवढंच माझं म्हणणं. 'बॅटरी वाईट आहे' असं मी जन्मात म्हटलेलं नाही. पण चित्र तिचं, म्हणून सगळ्यांचं बोट तिच्याकडे.

आणि शाळेतला माझा धडा तर ठरलेलाच! मी पेटलो की शिकाऊ मंडळी म्हणत, "अरेच्चा, बंद पडली वाटतं," आणि चालत्या इंजिनावर किल्ली फिरवत. करर्र! आतून दात खाल्ल्यासारखा आवाज येई. चौथ्या करर्रला बाई वैतागल्या. "म्हातारा झालाय हा दिवा. उगाच लागतो," असं म्हणून त्यांनी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा फाडला आणि माझ्या तोंडावर चिकटवला.

मित्रांनो, खरं बोलल्याबद्दल तोंड बांधलं गेलं, तेव्हा मी काय केलं असेल? पट्टीमागेही पेटतच राहिलो. कुणाला दिसत नव्हतं, पण माझं काम मी सोडलं नाही.

सोमवारी गाडीनं नुसतं 'टक्' केलं आणि हात टेकले. काका आनंदानं पुढं सरसावले. "बॅटरी गेली! तीस वर्षं बस हाकलीय मी. तुम्ही बसा, मी आणतो." ते जुनी बॅटरी रिक्षात घालून गेले. बॅटरीवाला म्हणाला, "काका, आधी गाडी मोजून बघू या का? माझ्याकडे मीटर आहे." काका म्हणाले, "मला शिकवू नकोस. दुकानातली सगळ्यात दणकट काढ."

जी आली ती दोन माणसांनी उचलून आणावी लागली. ती गाडीत बॅटरी ठेवायच्या ताटलीत मावेना. तिरकी बसवली तर अधिकचं टोक भलत्याच बाजूला, आणि गाडीची वायर तिथवर पोचेना. तशीच दामटून बॉनेट लावायला गेले तर बॉनेट वासल्या तोंडासारखं उघडंच. बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काका, हिच्यासाठी गाडी मोठी घ्यावी लागेल." काकूंनी गळ्यातली फीत काढली, ताटलीची लांबी-रुंदी-उंची घेतली, आणि अधिकचं टोक कुठल्या बाजूला ते तळहातावर पेनानं लिहिलं.

"गिऱ्हाईकाचं माप न घेता मी कधी कापडाला कात्री लावली नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही सदरा आणलात हत्तीचा."

मंगळवारी मापाची बॅटरी आली. काकूंनी तिच्यावरचा तयार झाल्याचा महिनासुद्धा बघून घेतला. दुकानात वर्षभर पडून राहिलेली नको, असं बॅटरीवाल्यानंच सांगितलं होतं. ताकदही गाडीच्या पुस्तकात लिहिली होती तेवढीच. झकास बसली. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली आणि काकांनी सगळं श्रेय घेतलं. मी पट्टीमागे पेटलेलाच होतो. नव्या पाहुणीलाही कुणी भरवत नव्हतं ना! आणि शाळेत दिवसाला चाळीसदा स्टार्टर मारायचा. उपाशी पोटी किती दिवस राबणार ती?

गुरुवारी दुपारी काकू चढावर सराव करत होत्या. उद्या परीक्षा. स्टार्टरला पुन्हा रडका सूर आला होता. हॉर्नही घसा बसल्यासारखा वाजत होता. काका मागून म्हणाले, "नवी बॅटरी नकली निघाली. आत्ता जातो आणि त्याला बघतो." काकूंनी गाडी बाजूला घेतली. त्यांचं लक्ष त्या काळ्या तुकड्याकडे गेलं.

"बाई, हे काय झाकलंय?"

"काही नाही हो, तो डब्याचा दिवा. सारखा लागतो."

"तोंड बांधून दुखणं जातं का?" असं म्हणत काकूंनी नखानं पट्टी सोलून काढली. मी लालभडक समोर.

"बंद पडली असेल. क्लच दाबा, किल्ली फिरवा," बाई सवयीनं बोलून गेल्या. काकूंचा हात किल्लीपर्यंत गेला. आणि मित्रांनो, तो तिथंच थांबला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी थांबलं.

"बंद कुठं पडलीय? घरघर चालूच आहे की. मग हा का लागलाय?"

काकूंनी मोठे दिवे लावले, जरा ॲक्सिलरेटर दाबला. बॉनेटखालून आवाज आला, चींऽऽ.

काकूंचा चेहरा उजळला. "हा माझ्या ओळखीचा आहे! मशीनचा पट्टा सैल झाला की असाच चिरकतो. पाय चालतो, चाक फिरतं, पण सुई जागची हलत नाही. पट्टा नुसता घसरतोय, बाई."

"आता शिवणाच्या मशीनवरून मोटार दुरुस्त होणार?" काका हसले.

"तुम्ही बसवरून करून बघितलीत ना? आता मला बघू द्या."

बॉनेट उघडलं. पट्टा काचेसारखा गुळगुळीत, आतून भेगाळलेला, बोटानं दाबला तर झोपाळ्यासारखा हलणारा. बॅटरीवाल्याला बोलावलं. तो मीटर घेऊन आला आणि इंजिन चालू ठेवून त्यानं वायरी लावल्या. "इंजिन चालू असताना इथं चौदा व्होल्टच्या आसपास आकडा पाहिजे. हा बाराच्याही खाली बसलाय. बॅटरीत काही खोट नाही, तिला मिळतच नाहीये. काका, सोमवारी मी हेच मोजतो म्हणत होतो."

काका आकाशाकडे बघू लागले. आकाशात काही नव्हतं.

"आणि ती जुनी?" बाईंनी विचारलं.

"चार्ज करून ठेवलीय. दोनच वर्षांची, ठणठणीत आहे. उगाच घालवलीत तिला."

काकू म्हणाल्या, "आमच्या घराखालच्या गाडीची बॅटरी उभ्या उभ्या मेलीय. हिची तिथं होईल का?"

"माप जुळतंय का बघा. अधिक कुठल्या बाजूला आहे?"

"उजवीकडे," काका हळूच म्हणाले. सगळ्यांनी वळून बघितलं. "काल बघून ठेवलं," ते म्हणाले.

नवा पट्टा चढला, ताणून बसला. इंजिन सुरू झालं, आकडा चौदावर गेला, आणि मी विझलो. किती दिवसांनी निवांत विझलो! बॅटरीवाल्यानं नवी बॅटरी भरायला दुकानात नेली आणि सकाळी आणून बसवली.

शुक्रवारी काका आणि बाई मैदानाच्या कडेच्या बाकावर बसले. निघण्यापूर्वी काकूंनी ती काळी पट्टी काकांच्या हातात दिली. "सूचना सुचायला लागल्या की लावून घ्या." साहेब शेजारी येऊन बसले, मांडीवर कागद. काकूंनी किल्ली फिरवली. मी पेटलो, वळणाप्रमाणे. काकूंनी माझ्याकडे बघितलं. इंजिन सुरू झालं, मी विझलो. तेही त्यांनी बघितलं.

मग आला तो चढ. गाडी थांबली. मागं घसरायची भीती, पुढं बंद पडायची. काकूंनी क्लच सोडायला घेतला. गाडी थरथरली. माझ्या तारेत जीव गोळा झाला. आयुष्यभर मी पेटण्याचा मान मिरवला होता, आणि त्या क्षणी मी एकच धरून बसलो: आज नाही. आज मी पेटणार नाही. खरं सांगायचं तर ते माझ्या हातात नव्हतंच, काकूंच्या पायात होतं. इंजिननं एक आचका दिला. काकूंनी पाय तिथंच धरला, मशीनच्या पायटीवर धरावा तसा, ना कमी ना जास्त. थरथर थांबली. गाडी चढाच्या माथ्यावर गेली.

साहेबांनी कागदाकडे बघितलं, मग सवयीनं माझ्याकडे. मी काळा ठिक्कर. त्यांचं पेन फुली मारायला जागाच शोधत राहिलं.

मित्रांनो, इंजिन सुरू झाल्यापासून परीक्षेच्या वीस मिनिटांत मी एकदाही पेटलो नाही. माझ्या साऱ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं काम ते, आणि ते मी गप्प बसून केलं. बाकावर काका उभे राहिले होते. पट्टी त्यांनी खरंच ओठांवर लावली होती. काकू उतरून हसल्या तेव्हा त्यांनी ती ओरबाडून काढली, मिशीचे दोन-चार केस घेऊन, आणि म्हणाले, "आज तुझ्या बहिणीकडे जायचं का? मला अजिबात झोप येत नाहीये."

"आधी घराखालची गाडी सुरू होऊ द्या," काकू म्हणाल्या, "मग मी ठरवीन."

माझं आता वय झालंय. काच पिवळी पडलीय. शाळेत अजून दिवसाला चाळीसदा पेटतो. पण बाईंनी धडा बदललाय. त्या आता म्हणतात, "लाल डबा लागला की आधी कान द्या. इंजिन बंद असेल तर चूक तुमची. चालू असेल तर तो काही सांगतोय." माझी तुमच्याकडेही एवढीच विनवणी आहे. तुमच्या गाडीत माझा कुणी भाऊबंद असेल. तो ओरडला तर चित्र बघून निकाल देऊ नका, मागं कोण उपाशी आहे ते बघा. आणि घरात कुणी सारखं बोलणारं म्हातारं माणूस असेल, तर एकदा हात थांबवून त्याचंही ऐका. नाहीतर पट्टी तयार ठेवा. पण ती काढताना मिशी जाते, हे काकांना विचारून घ्या.