बरणीत बुडणारे प्रमुख

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं खिडक्यांच्या कठड्यांवर बसली होती, दारात एकमेकांच्या खांद्यांवरून माना उंचावून उभी होती. सगळ्यांचे डोळे व्यासपीठावरच्या काचेच्या उंच बरणीवर खिळले होते. बरणी पाण्याने काठोकाठ भरलेली, तोंडावर जांभळं कापड करकचून बांधलेलं. आत अंगठ्याएवढा पुतळा तरंगत होता. टक्कल, जाड भुवया, पुढे आलेलं पोट. शहराचे प्रमुखच. विरोधी पक्ष त्यांना आधीपासून पाण्यात पाहत होताच, आता त्याने तशी सोयही केली होती.

"तुमच्या तळतळाटाला वजन आहे," बरणीशेजारी उभा असलेला चमत्कारी बाबा म्हणाला. "ते ह्याच्या डोक्यावर ठेवा."

त्याने डोळे मिटले आणि आशीर्वाद द्यावा तसा तळहात बरणीच्या तोंडावर ठेवला. लोक बेंबीच्या देठापासून ओरडले. पुतळा गिरक्या घेत खाली गेला आणि तळाला टेकला. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने हात जोडले. मागून शिट्ट्या आल्या.

भिंतीशी उभी असलेली शिक्षिका पुतळ्याकडे पाहत नव्हती. ती बाबाच्या मनगटाकडे पाहत होती. मनगटावरची शीर ओरडा सुरू होताच ताठ झाली होती. ती माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायची, आणि विरोधी पक्षाचा शहर सचिव तिचा सख्खा थोरला भाऊ होता, तिचा दादा.

प्रमुखांनी शहराच्या रुग्णालयातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद करून तिथे स्वतःच्या बैठकीची खोली थाटली होती. तेव्हापासून अडलेल्या बायकांना भाड्याच्या गाडीत घालून शेजारच्या शहरात न्यावं लागे. लोक खवळले. प्रत्येक पाहणीत प्रमुखांची लोकप्रियता घसरत गेली. वॉर्ड उघडण्यासाठी पक्षाने मोर्चा ठरवला होता, दादा त्यासाठी दारोदार फिरला होता. पण घसरणीचे आकडे आले आणि पक्षाचे अध्यक्ष बैठकीत खुर्चीत मागे रेलून म्हणाले, तो आपोआप बुडतोय, आपण कशाला हातपाय मारायचे? सगळ्यांना ते पटलं. मोर्चा रद्द झाला. लोकांचा राग तापता राहावा म्हणून बाबाला आणलं गेलं.

आणि दादाची बायको, तिची वहिनी, पोटुशी होती. दिवस भरत आले होते.

घरी आल्यावर तिने औषधाचा ड्रॉपर थोडा पाण्याने भरला, प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीत तरंगता सोडला, बाटली काठोकाठ भरून झाकण लावलं आणि वहिनीच्या हातात दिली. वहिनीने बाटली दाबली, ड्रॉपर खाली गेला. सोडली, वर आला. वहिनीने दोनदा करून पाहिलं आणि विचारलं, एवढंच?

दादाला बोलावलं तर त्याने बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "खोटं असलं तरी आपल्या बाजूचं आहे."

"आणि वॉर्ड?"

"आपण निवडून आलो की बघू."

"म्हणजे वहिनीला सांगू का, तोवर कळ काढ म्हणून?"

दादा जेवायला बसला. वहिनी मात्र ताटावर बसली नाही.

पुढच्या सभेत शिक्षिका सरळ व्यासपीठावर चढली. सचिवांची बहीण आशीर्वादाला आली असं वाटून बाबाने जागा दिली. तिने त्याला हात मागे घेऊन उभं राहायला सांगितलं. शक्तीची परीक्षा पाहू नये, पाणी कोपतं, असं बाबा पुटपुटला. मागून कुणीतरी म्हणालं, कोपू दे की, बघू तरी.

लोक ओरडले. पुतळा ढिम्म हलला नाही. पुन्हा ओरडले, घसे बसेपर्यंत. प्रमुख मजेत तरंगत होते. आज श्रद्धा पातळ पडली, असं बाबाने जाहीर केलं.

मग तिने स्वतःचा तळहात ठेवला आणि लोकांना प्रमुखांचं कौतुक करायला सांगितलं. लोक हसत हसत म्हणाले, प्रमुख थोर आहेत. पुतळा बुडाला.

हसणं थांबलं. तिने कापड सोडलं. खाली ताणून बसवलेला रबरी पडदा होता. तिने सांगितलं, पुतळा पोकळ आहे, तळाशी बारीक भोक आहे, आत हवा आहे. पडदा दाबला की पाण्यावरचा दाब वाढतो, आतली हवा आकसते, भोकातून पाणी शिरतं, पुतळा जड होतो आणि बुडतो. तुमच्या आवाजाचा काडीचा संबंध नाही.

"आणि हात काढला की बघा," ती म्हणाली. पुतळा वर आला. "तुम्ही इथे येऊन ओरडलात, मन हलकं करून घरी गेलात. वॉर्डच्या दाराशी कोण ओरडलं?"

पक्षाचा एक कार्यकर्ता उठून म्हणाला, बाई, तुम्ही प्रमुखांच्या बाजूच्या का?

"प्रमुखांनी वॉर्ड बंद केला," ती म्हणाली. "तुम्ही तो बंद राहू देताय, कारण तो बंद असला की तुमची मतं वाढतात. मला दोघांचीही चीड येते. तुमची जास्त येते, कारण मी मत तुम्हाला दिलंय."

पुढच्या रांगेत वहिनी खुर्चीचा हात धरून उठली. सगळ्यांसमोर ती नवऱ्याशी कधी बोलली नव्हती.

"अहो, मोर्चा कधी आहे?"

दादाने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष घड्याळ बघत होते.

"त्यांच्याकडे काय बघता? मी तुम्हाला विचारतेय."

दादाने छातीवरचा पक्षाचा बिल्ला काढून खिशात टाकला, व्यासपीठावरून खाली उतरला आणि वहिनीला हात दिला. दोघं दाराकडे निघाली. रुग्णालय मागच्याच रस्त्यावर होतं. आधी म्हातारी उठली, मग खिडक्यांतली माणसं. सगळे गेले नाहीत. काहीजण बाबाभोवती थांबून, आज श्रद्धा का पातळ पडली, ते विचारत होते.

त्यांना आणि तुम्हालाही एवढंच सांगायचं आहे. सत्ताधारी नकोसा झाला म्हणून बंद दार उघडत नाही, आणि विरोधकाने आपल्या मनातलं बोलून दाखवलं म्हणून तो आपलं काम करतोच असं नाही. चमत्कार आपल्या सोयीचा असेल तेव्हाच तो अधिक कसून तपासा. आणि तपासून झालं की घरी जाऊ नका.