घाणेरीची गाठ

“शरदभाऊ, ते तुमचं थर्मामीटर घेऊन जरा खाली येता?”

शरद गुरव दवाखान्याच्या गच्चीवर एसीचं बाहेरचं युनिट उघडून बसला होता. कुवेतमधल्या जहरा शहरातल्या या खाजगी दवाखान्यात दर हिवाळ्यात त्याचं सर्व्हिसिंगचं काम असे. हाक मारणाऱ्या कुसुम सिस्टर इथल्या मुख्य नर्स. पुण्याच्या, या देशात चौदा वर्षं काढलेल्या. मागच्या अंगणात त्यांनी चार कुंड्या मांडल्या होत्या.

शरदने कुंड्यांकडे पाहिलं, मग सिस्टरांकडे.

“ही तर घाणेरी.”

“लँटाना म्हणतात इथे. नर्सरीतून आणलीय.”

“इकत?” तो हसू दाबत म्हणाला. “सिस्टर, आमच्या देवरुखाकडं ही फुकट दिली तरी कुणी घ्यायचं नाय. कोयता घेऊन मागं लागतो आम्ही तिच्या.”

“हसा खुशाल. पण गेल्या जानेवारीत माझी सगळी झाडं काळी पडून गेली. बाहेर बाकावर नंबर लावून बसतात त्या पेशंट बायका, त्यांच्या डोळ्यांना तेवढीच फुलं. इथे पहाटे थंडी किती पडते, मोजून सांगाल का?”

शरद उकिडवा बसला. कुंडीतली माती त्याने बोटाने उकरली. शाळा त्याची नववीत सुटली होती, बाप गेला म्हणून. पण ‘हे असं का होतं’ ही खोड काही सुटली नव्हती. एसीत गॅस भरताना पाइपवर दव कुठपर्यंत चढतं ते तो बघत बसे आणि बरोबरची माणसं वैतागत.

“नुसती थंडी मोजून काय कळणार?” तो म्हणाला. “चार कुंड्या हायत. चार जागी ठेवू. मग बघू कोण जगतंय.”

एक कुंडी अंगणात उघड्यावर राहिली. दुसरी दक्षिणेच्या भिंतीला टेकवली. तिसरी आत जिन्याखाली, खिडकीजवळ. चौथीतलं झाड त्याने वीतभर ठेवून छाटलं, कुंडी वाळूत गळ्यापर्यंत पुरली, पाणी जवळजवळ तोडलं आणि वर गोणपाट टाकलं. ते पाहून सिस्टरांचा चेहरा पडला.

शरदची खोली दवाखान्यापासून दहा मिनिटांवर होती. रोज कामावर जायच्या आधी, उजाडताना, तो चारही जागचं तापमान घेऊन यायचा आणि सर्व्हिस कार्डाच्या पाठीवर लिहायचा. खोलीत त्याच्याबरोबर रियाज राहायचा, मंडणगडचा ड्रायव्हर. चहा ओतता ओतता तो म्हणाला, “घाणेरीला ताप आलाय का बघायला जातोस व्हय रे? गावाला सांगू नको. येडा म्हणतील.”

गावाला सांगायचं म्हणजे बायकोला, मालनला सांगायचं. दर शुक्रवारी सकाळी तिचा मिस्ड कॉल यायचा आणि मग तो फोन लावायचा. घरात रेंज नसे, म्हणून ती मागच्या चढावर, काजूच्या बागेत जाऊन बोलायची. एका शुक्रवारी त्याने तिला कुंड्यांची गोष्ट सांगितली.

“अवो, मी आता कुठं उभी हाय ठाव हाय? वाटेवर. पुढं जाताच येत नाय. सगळा काजू घाणेरीनं खाल्लाय. दोन वर्षं तोडतेय, तोडली का दुप्पट येते. माणूस मिळत नाय कामाला. नि तुम्ही तिकडं तिला पांघरूण घालताय?”

ती बाग शरदनेच लावली होती, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी.

२००८ च्या त्या जानेवारीत थंडी फार पडली. एका पहाटे अंगणात थर्मामीटर शून्याच्या खाली उतरलं. शरदने ते पुसून पुन्हा लावलं. तोच आकडा. आठवड्याभरात उघड्यावरची कुंडी काळी ठिक्कर पडली. भिंतीकडची वरून करपली. जिन्याखालची हिरवी राहिली, पण पांढुरकी, लांबट. चौथीच्या नुसत्या काटक्या उरल्या होत्या.

“ही गेली,” सिस्टर म्हणाल्या.

शरदने एका काटकीची साल नखाने खरवडली. आत हिरवं होतं.

फेब्रुवारीच्या अखेरीला त्या काटक्यांच्या बुडाशी कोंब आले, जिन्याखालच्या झाडापेक्षा कितीतरी जोमदार. भिंतीकडचं झाडही बुडातून फुटलं. सिस्टरांनी दवाखान्याचे मॅनेजर अहमद यांना बोलावून आणलं. शरदने मोडक्या अरबीत आणि हिंदीत सगळं सांगितलं: कधी छाटायचं, पाणी किती, वाळू कुठपर्यंत. अहमदनी खिशातून पेन काढलं आणि लिहून घेतलं. आपलं बोलणं कुणी लिहून घेतं आहे, हे शरदच्या लक्षात जरा उशिरा आलं, आणि मग तो एकेक आकडा सावकाश सांगू लागला.

पण त्याचं डोकं दुसरीकडेच चाललं होतं. चौथ्या कुंडीची वाळू आणि माती बाजूला केल्यावर त्याला दिसलं होतं, की सगळे कोंब एकाच जागेतून निघालेत. खोड जिथे मुळाला मिळतं तिथे, मातीच्या जरा खाली, एक गाठ होती. त्याखालच्या मुळाला एकही कोंब नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने भिंतीकडचं झाड त्या गाठीच्या खालून कापलं.

“जगलेलं झाड मारलंत?” सिस्टरांनी कापलेलं झाड हातात उचललं. “मला विचारायचं तरी.”

“चुकलं माझं,” शरद म्हणाला. “पण गावाला आमची मालन कोयत्यानं वरून तोडते. गाठ खालीच ऱ्हाते. म्हणून घाणेरी पुना येते. गाठच काढली तर येते का नाय, ते मला बघायचं होतं.” मग काजूच्या बागेचं सगळं त्याने सांगितलं. सिस्टर ऐकून आत निघून गेल्या.

तीन आठवडे त्या कुंडीत काही उगवलं नाही. मार्चअखेरीला सिस्टरांनी स्वतः जिन्याखालची कुंडी उचलून त्याच्यासमोर आणून ठेवली.

“एकावरून खात्री होत नाही,” त्या म्हणाल्या. “हीही कापून बघा. मला चौथी पुरे. तिच्या फांद्या लावीन फाटकापाशी.”

तीही पुन्हा उगवली नाही. मग शरदने फोनवर मालनला गाठीचं सांगितलं.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी मालनने सांगितलं, “गाठीखाली चार बोटं टिकाव घालते नि उलटी करून टाकते. बांधाकडची समदी गेली. आज वरच्या अंगाला आलेय.”

“गाठ केवढी असते गो? आतनं रंग कसा?”

“मनगटाएवढी. कुठं कुठं दोन मनगटं.”

“नि मूळ सरळ जातं का आडवं?”

“अवो, किती इचारता? या नि बघा.”

शरदची सुट्टी पुढल्या वर्षी होती, हे दोघांनाही माहीत होतं.

“पानी पिऊन घे मधी मधी,” तो म्हणाला.

“व्हय. ऊन चढायच्या आत हा तुकडा करते.”

तिने फोन कुठेतरी दगडावर ठेवला असावा. बंद मात्र केला नाही. लांबून टिकावाचा आवाज येऊ लागला. मातीत बसला की बोदा, गाठीवर बसला की करकरीत. मध्ये एकदा तिचा दम लागल्याचा आवाज आला. मग पुन्हा घाव.

रियाजने चहाला हाक मारली. शरदने हात वर करून त्याला थांबवलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.