वाढलेलं वजन

वजनवाल्या ताईंचा देवावर नसेल एवढा विश्वास काट्यावर. "आया थापा मारतात, काटा नाही मारत," असं त्या बांधकामावरच्या वस्तीत सगळ्यांना ऐकवायच्या. दर महिन्याला मुलांना झोळीत बसवून तोलायचं आणि वाढीच्या तक्त्यावरच्या लाल रेघेखालच्यांना पोषक पिठाची पाकिटं द्यायची, हे त्यांचं काम. पाकिटं मात्र नेहमीच कमी पडायची.

विटा वाहणाऱ्या बाईची चिमणी दीड वर्षांची. चार महिने साडेसहा किलोंवर अडलेली. हट्टी म्हणावं, तर हट्ट करायलाही अंगात त्राण नव्हतं.

या खेपेला काटा साडेसातवर गेला.

ताईंनी पोरीला उचलून गरगर फिरवलं. "अगं बाई, बाळसं धरलं की हिने!" रांगेतल्या बायाही हसल्या. चिमणीची पाकिटं ताईंनी दुसऱ्या बाळाला दिली आणि तिची आईच मोठ्या मनाने म्हणाली, "द्या, द्या. आमचं भागलं आता."

आधी मोजे काढून पाऊल अंगठ्याने दाबून बघायचं, हे ताईंना शिकवलेलं होतं. पण थंडी होती, मागे चाळीस मुलं होती, आणि खरं सांगायचं तर आनंदाच्या भरात कोण कशाला मोजे काढतंय?

आठ दिवसांनी ती बाई दारात आली. "ताई, तुमच्या मुलीच्या जुन्या चपला असतील का? हिचे पाय मोठे झालेत. खात मात्र काही नाही. रडतही नाही."

ताईंनी पाऊल दाबलं. अंगठ्याचा खड्डा पडला तो तसाच राहिला. पोरगी उपासमारीने सुजली होती. रिक्षा करून त्यांनी तिला दवाखान्यात नेलं. सूज उतरली तेव्हा वजन भरलं सहा किलो. त्यानंतर चौथ्या दिवशी चिमणी गेली.

त्यानंतर ताई त्या बाईच्या पत्र्याच्या खोलीत गेल्या, तेव्हा उलट तीच त्यांना समजावू लागली. "तुम्ही किती धावपळ केलीत, ताई. माझ्याच नशिबात नव्हती."

गप्प बसल्या असत्या तर निभावलं असतं. पण ताईंना ते गिळवेना. "नशीब कसलं! चूक माझी आहे. ते वजन नव्हतंच गं, अंगात पाणी साचलं होतं. त्याच दिवशी मला कळायला हवं होतं."

बाईने विचारलं,

"म्हणजे त्या दिवशीही ती उपाशीच होती?"

ताईंनी होकारार्थी मान हलवली.

"रोज माझ्या ताटातलं अर्धं तिला भरवायचे मी," बाई म्हणाली. "त्या दिवशी म्हटलं, आता झाली की पोर धडधाकट. आणि सगळं मीच जेवले."