दोन खांबांतलं अंतर

आमच्या घरात टेप आई धरते. ज्यांनी अठ्ठावीस वर्षं सरकारी मोजणी केली ते माझे वडील, सुताराला फळीचं माप द्यायचं म्हटलं की पेपर उघडून बसतात. "माझा हात मापाला बरा नाही," म्हणतात. मला याचा भयंकर राग यायचा. खोदून विचारलं तरी ताकास तूर लागू देत नसत.

मग ते निवृत्त झाले, मी त्यांच्याच कार्यालयात लागले आणि त्यांचंच काम माझ्या गळ्यात पडलं. दरीच्या दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर सिमेंटचा एकेक खांब आहे. दर वर्षी त्यांच्यातलं अंतर मोजून वहीत लिहायचं. वहीत वडिलांच्या अक्षरात अठ्ठावीस वर्षं एकच आकडा, मिलिमीटरही इकडचा तिकडे नाही. फक्त दुसऱ्या वर्षी दीड सेंटिमीटर कमी, आणि शेजारी तेव्हाच्या साहेबांचा लाल शेरा: "डोंगरांना पाय फुटले काय? नीट मोजा."

वडील निवृत्त झाल्यावर दोन वर्षं तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं. मी उपग्रहाच्या यंत्रानं मोजलं. अंतर पंचेचाळीस सेंटिमीटर कमी.

भूगर्भ विभागातल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे की. दरीखाली दोन भूपट्ट आदळतायत. एक दुसऱ्याखाली घुसतोय, वर्षाला दीड सेंटिमीटर. तुमचे डोंगर त्यानंच उभे राहिलेत." आदळतायत म्हटल्यावर निदान आवाज तरी यायला हवा होता. यांची टक्कर नखं वाढतात त्याहून हळू.

घरी येऊन वडिलांना सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"दर वर्षी दीडच?"

"दीडच."

"तिसऱ्या वर्षी तीन आले होते," ते म्हणाले. "चौथ्या वर्षी साडेचार. चार-चारदा मोजायचो. वाटलं, आपला हात बिघडत चाललाय. मग जुनाच आकडा लिहायचो. लाज वाटायची गं."

मला रडू आलं. रागानंच.

माझ्याकडून सगळं ऐकून आताच्या साहेबांनी तोडगा काढला. "अहवालात लिहा, आधीच्या कर्मचाऱ्याची मोजणी सदोष होती. खोटे आकडे लिहिले म्हणालात तर चौकशी बसेल, पेन्शन अडकेल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मला पटलं, खोटं कशाला बोलू. मी तसाच मसुदा टाइप केला आणि वडिलांना दाखवायला घरी नेला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. माझं पेन मागितलं आणि "मोजणी सदोष" यावर काट मारून वर लिहिलं, "मोजणी अचूक. नोंद खोटी."

"अहो, पेन्शन?" आई म्हणाली.

"अडकली तर अडकली," म्हणत त्यांनी खाली सही केली आणि तारीख घातली.