थुंकी, कापूस आणि लाल खडा

"मावशी, तुम्ही खरंच या बाईला थुंकी लावता?"

विचारलं बाई एकदाचं! मैत्रिणींनी पैजच लावली होती, आता मागे फिदीफिदी हसत होत्या. शाळेची सहल संग्रहालयाच्या दुरुस्तीच्या खोलीत आली होती. दिव्याखाली वीतभर उंचीची हस्तिदंती बासरीवाली उभी होती, सायीसारखी पिवळसर, झग्याच्या घेरावर इवले लाल-हिरवे खडे.

दुरुस्तीवाल्या मावशींनी डोळ्यांवरचं भिंग वर सरकवलं. "लावते की! जास्त पाणी लागलं तर हस्तिदंत तडकतो. थुंकी जराशीच पुरते आणि मळही सोडवते. तू बघतेस करून?"

मी? आमच्या घरात सगळ्यांना काचेचे ग्लास आणि मला स्टीलचा! 'सांडलवंड' हेच माझं लाडकं नाव.

"मावशी, हिला नका देऊ! ही हवासुद्धा फोडेल!" एक मैत्रीण किंचाळली.

"तुला विचारलं का गं मी?" म्हणत मावशींनी माझ्या हातात काडीला गुंडाळलेला कापूस दिला. "जिभेला लाव, हलकेच फिरव. प्रत्येक बोळा नीट बघायचा, मगच टाकायचा. आणि वापरलेला पुन्हा तोंडात नको हं, आजीच्या आजीच्या काळातला मळ आहे!"

एक बोळा काळा. दुसरा काळा. तिसऱ्यावर लाल ठिपका.

खडा! केराचा डबा गुडघ्याशीच होता आणि कुणाचंच लक्ष नव्हतं. पण मग मी आयुष्यभर स्टीलवालीच राहिले असते.

"मावशी, खडा निघाला. माझ्या हातून."

मावशींनी चिमट्याने तो उचलला, भिंगातून पाहिला. "जुना डिंक कधीचाच सुटलाय. तू बोळा न बघता टाकला असतास, तर हा केरात गेला असता. थँक्यू हं." वर म्हणाल्या, "मी खडा बसवते, तोवर हिला धर."

मला थँक्यू! दोन्ही हातांत ती थंडगार बासरीवाली धरून मीही मनात थँक्यू म्हटलं. मावशींना, ती कोरणाऱ्याला, दातांपायी जीव गेलेल्या त्या बिचाऱ्या हत्तीला. माझ्या आगाऊ मैत्रिणींनासुद्धा!

घरी आल्याआल्या मी जाहीर केलं, "आई, बाबा, सुट्टीत मी रोज मावशींकडे काम शिकायला जाणार आहे. त्या हो म्हणाल्यात. आणि आजपासून मला काचेचा ग्लास!"