क्रौंचाचे दोन्ही पाय

स्वातंत्र्यदिन आठवड्यावर आला आणि शाळेचा झेंडा उंदरांनी कुरतडलेला निघाला. हेडमास्तर सेम्पेब्वांनी नवा शिवायचं काम नकाबुगोला दिलं. मसाकाकडच्या आमच्या गावात शिलाई मशीन तिचंच, आणि जीभही त्याच वेगाची.

काळा, पिवळा, लाल, पुन्हा काळा, पिवळा, लाल असे सहा पट्टे तिने जोडले. मधल्या पांढऱ्या वर्तुळात तुरेवाला क्रौंच भरला. आदल्या संध्याकाळी हेडमास्तर झेंडा न्यायला आले आणि मटकन खालीच बसले.

"अगं, याचे दोन्ही पाय जमिनीवर! एक उचललेला हवा. देश पुढे पाऊल टाकतोय, असा अर्थ असतो त्याचा."

"आपल्या रस्त्यावर टाकून दाखवा म्हणावं. नऊ वर्षांत टोपलीभर मुरूम पडला नाही."

"उद्या जिल्ह्याचे साहेब येताहेत, बाई!"

"येऊ देत की. वाटेतच कळेल त्यांना."

उसवून पुन्हा भरायला वेळ नव्हता. सकाळी झेंडा चढला तेव्हा सुदैवाने वारा पडला होता, कापड काठीला चिकटून राहिलं. हेडमास्तर मनातल्या मनात देवाचे आभार मानत होते.

साहेब तासभर उशिरा आले, तेही चालत. गाडी दलदलीत रुतली होती आणि एक बूट चिखलानेच ठेवून घेतला होता. ओला मोजा जमिनीला लागू नये म्हणून ते टेबलाला धरून एका पायावर उभे राहिले आणि लिहून आणलेलं भाषण वाचू लागले.

"बंधुभगिनींनो, वर पाहा! त्या पक्ष्याचा पाय पाहा!"

नेमका तेव्हाच वारा सुटला. सगळ्या मैदानाने वर पाहिलं. मग साहेबांनीही पाहिलं.

"हा असा का उभा आहे?"

हेडमास्तर खोकले. बायकांमधून नकाबुगो उठली.

"साहेब, तोही त्याच रस्त्याने आलाय. थकला बिचारा. पण तुम्ही आहात ना एका पायावर, देशाचं काम अडलेलं नाही!"

बाया ओंजळीत तोंड लपवून हसल्या. साहेबांनी आधी डोळे वटारले, मग स्वतःच्या मोज्याकडे पाहिलं आणि त्यांनाही हसू आवरेना.

"झेंडा आजच्या आज दुरुस्त कर," ते म्हणाले.

माणसं गाडी ओढायला गेली. तेवढ्यात नकाबुगोने व्हरांड्यात बसून पाय उसवला आणि नीट उचलून भरला. साहेब तिच्याकडेच शेंगदाण्याच्या रश्शाबरोबर उकडलेल्या कच्च्या केळ्यांचे मटोके जेवले आणि रस्त्याचा शब्द देऊन गेले.

मुरूम जानेवारीत पडला, तोही दलदलीपर्यंतच. नकाबुगो दर सोमवारी साहेबांना फोन लावते. हल्ली त्यांची बायको घेते आणि दोघी तासभर गप्पा मारतात.