घंटेनंतरचं वाक्य

अभिरूप विधानसभा, जिंतूर. कॉलेजचा हॉल. वर्षातली शेवटची बैठक.

अध्यक्ष: मी. दीपिका, बी.ए., तिसरं वर्ष.

दिनकर सरांचे नियम: सदस्यांनी एकमेकांशी बोलायचं नाही, जे बोलायचं ते अध्यक्षांशी. अध्यक्षांनी चर्चेत बोलायचं नाही.

माझा नियम: घंटा वाजली की वाक्य अर्धंच सोडून खाली बसायचं. हा सगळ्यांच्या इतका अंगात मुरलाय की परवा कँटीनमध्ये कुणीतरी ग्लासावर चमचा वाजवला, तर आमचा अर्थमंत्री अर्ध्या शिवीवर थांबला.

विरोधी पक्षनेता: योगीराज. मेंढरं राखणाऱ्या घरचा, होस्टेलवर राहतो. व्हरांड्यात समोर आला तर मान खाली घालून जातो. ग्रुपवर फक्त "उपस्थित" लिहितो. सभागृहात मात्र त्याचं प्रत्येक भाषण "अध्यक्ष महोदया" असं सुरू होतं. नियमच आहे. नियम म्हणून का होईना, वर्षभर तो माझ्याशी बोलत आलाय. आणि मी त्याला काय म्हणत आले? "बसा."

उद्या तो भरतीच्या तयारीला पुण्याला जाणार. म्हणून आज एकदा तरी त्यानं मला

(घंटा. मीच वाजवली. कामकाज सुरू.)

ठराव: येलदरीची संध्याकाळची एसटी वेळेवर सोडावी.

मुख्यमंत्री सुकेशनी: अध्यक्ष महोदया, गाड्याच न्हाईत तर सोडायचं काय? आणि विरोधी पक्षनेते राहतेत होस्टेलात. त्यांना येलदरीच्या गाडीचं एवढं काय पडलंय?

(हशा. बाकं वाजतात.)

मी: शांतता. विरोधी पक्षनेते, बोला.

योगीराज: अध्यक्ष महोदया, मी रोज स्टँडवर जातो.

सुकेशनी: भजे खायला!

योगीराज: ते बी खातो.

(हशा.)

येलदरीच्या गाडीनं या हॉलमधली मी एकटीच जाते.

योगीराज: अध्यक्ष महोदया, तिथं एक मुलगी उभी राहते. गाडीला लय उशीर झाला तरी कुणावर चिडत न्हाई. पुस्तक काढून वाचत बसते. मी रसवंतीच्या पलीकडं थांबतो. ती गाडीत चढली की होस्टेलला जातो. तिला कधी सांगितलं न्हाई. आज, अध्यक्ष महोदया, मला त्या मुलीला एवढंच

सुकेशनी: हरकत! वेळ संपली!

संपली होती. घड्याळ माझ्यासमोरच होतं. सगळा हॉल माझ्या हाताकडे बघत होता. वर्षभर मी कुणालाही एक क्षण जास्तीचा दिला नव्हता.

(घंटा)

तो बसला.

"अध्यक्ष असावा तर असा," दिनकर सर म्हणाले.

ठराव एकमतानं मंजूर. गाडी उशिराच आली.

मी खिडकीशी बसले. या वेळी तो रसवंतीपाशी थांबला नाही, सरळ खिडकीखाली आला.

"बोला," मी म्हणाले. मग म्हणाले, "बोल."

"अध्यक्ष म..." त्याला हसू आलं. "दीपिका."

माझं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा.

"ओ पाव्हणं," कंडक्टर दारातून ओरडला, "यायलाव का इथंच राहायलाव?"

"दीपिका, मला तुला एवढंच"

कंडक्टरनं दोरी ओढली. टिण टिण.

योगीराज गप्प झाला. मान खाली, हात बाजूला. मी शिकवलं होतं तसा.

"अरे, ही माझी घंटा नव्हती! पूर्ण कर!"

गाडी हलली होती. त्यानं कानामागं हात धरला: काय?

स्टँड मागं गेला. मी फोन काढला आणि ग्रुपवर, सगळ्यांसमोर, लिहिलं: "विरोधी पक्षनेत्यांना वेळ वाढवून देण्यात येत आहे. घंटा होणार नाही."

सुकेशनी: हरकत!!! 😂

मी: हरकत फेटाळली.

मग वरच्या ओळीत दिसलं: योगीराज टाइप करत आहे.

थांबलं.

पुन्हा: योगीराज टाइप करत आहे.

येलदरीच्या अलीकडे रेंज जाते. रोजच जाते.